परत बोलवून घेऊ काय ओ?

"मॅडम, पोराला परत बोलवून घेऊ काय ओ?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी विचारलं.

बेळगावातल्या वडगावच्या बाई, माझ्याकडं समुपदेशनासाठी आलेल्या, घरी साड्यांचे माग. थोरला मुलगा इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर जर्मनीला गेलेला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ऑक्टोबरभर नुसते फोटो पाठवत होता, नोव्हेंबर लागला तसा रोज रडायला लागला. "ब्रेड खाऊन कंटाळलोय म्हणतो. कुणी बोलत नाही म्हणतो. साडेचारला अंधार पडतो म्हणालाय, असं कुठं असतंय काय?"

असतं. हिवाळ्यात तिथं तसंच असतं आणि त्याचा मनावर परिणामही होतो. नवेपणाची मजा ओसरली की तिथलं सगळं खुपायला लागतं आणि घरचं एकदम सोन्याचं वाटतं, हे कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं 1954 सालीच सांगितलं होतं. पण मला काळजी होती ती वेगळी. झोप, जेवण, वर्ग हे सगळंच सुटलंय का? जीव नकोसा झाल्यासारखं काही बोलतो का? तसं असतं तर मी थांबलेच नसते, तिथल्या विद्यार्थी-सेवेच्या समुपदेशकाकडे त्याच दिवशी जायला सांगितलं असतं. तसं नव्हतं. वर्गाला तो रोज जात होता.

मग मी फोनची वेळ विचारली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळं तासभर मागं जातात आणि आपल्यातलं साडेतीन तासांचं अंतर साडेचारांवर येतं. मुलगा साडेपाचला खोलीवर येऊन फोन लावायचा, तेव्हा आपल्याकडं रात्रीचे दहा. फोन चालायचा बारापर्यंत. आई मोबाईल फोडणीच्या डब्याला टेकवून ठेवायची, तो पलीकडं ब्रेड चावत बसायचा. पुढच्या खेपेला मुलाशीच व्हिडिओवर बोलले तेव्हा कळलं, नेमक्या त्याच दोन तासांत त्याच्या मजल्यावरची पोरं सामाईक स्वयंपाकघरात रांधत, गप्पा मारत असायची. हा खोलीचं दार लावून वडगावात. मग बोलणार कोण याच्याशी?

आईला ते पटेना. "फोन पण करायचा नाही काय?" मी विषय बदलला, कानडी कुठं शिकलात ते विचारलं.

त्यांचं माहेर चंदगडकडचं. लग्न होऊन आल्या तेव्हा कानडीचा एक शब्द येत नव्हता. "बाजारात ओ. एष्टु, साकु, बेडा (किती, पुरे, नको), एवढ्यावर वरीसभर काढलं. भाजीवाली हसायची." आणि माहेरचा फोन? "शेजाऱ्यांच्या घरात यायचा, रविवारी." एवढं बोलून त्या गप्प झाल्या. मीही काही बोलले नाही.

आम्ही फोन बंद केला नाही, हलवला. रोज दुपारी बाराला दहा मिनिटं, तेव्हा तिकडं सकाळचे साडेसात. लांबलचक गप्पा रविवारी, तसंही तिथली बहुतेक दुकानं रविवारी बंदच. आणि "जेवलास काय?"च्या जागी "आज काय शिजवलंस?" पहिल्या आठवड्यात तो रागावला, दोन दिवस फोनच उचलला नाही. फक्त 'ठीक आहे' एवढा मेसेज. आईनं त्या दोन दिवसांत मला अकरा वेळा फोन केला. माझी पद्धत प्रत्येकाला लागू पडेल असं मी म्हणत नाही, काही मुलांना रोजचा लांब फोनच तारतो.

याच्या बाबतीत गाडी हलली ती कचऱ्यावरून. स्वयंपाकघरात भात लावताना त्यानं रिकामी प्लास्टिकची बाटली डब्यात टाकली. शेजारच्या खोलीतल्या मुलानं ती लगेच बाहेर काढली. याला वाटलं, आता बोलणी खायची. त्यानं बाटलीवरची खूण दाखवली: दुकानातल्या मशीनमध्ये घातली की 25 सेंट परत, म्हणजे वीस रुपयांच्या वर. दोन महिने हा पैसे कचऱ्यात टाकत होता! दोघं पिशवी भरून दुकानात गेले, येताना कांदे घेऊन आले.

जानेवारीत बाई पुन्हा आल्या. "आता काय झालं?"

"रविवारी पण पाच मिनिटांत ठेवतो ओ. पोरं आलीत, नंतर करतो म्हणतो." पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आता मलाच झोप येईना झालीय."

मी वहीत नवं पान काढलं आणि वर त्यांचं स्वतःचं नाव लिहिलं.