निकेल टाकीतच राहू द्या

प्रश्न : भोसरीत आमचं निकेल प्लेटिंगचं (धातूच्या वस्तूंवर निकेलचा मुलामा देण्याचं) छोटं युनिट आहे. सांडपाण्यावरची प्रक्रिया आणि गाळ रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवणं, दोन्हींचा खर्च झेपत नाही. नवी यंत्रणा घेणं शक्य नाही. काय करावं?

उत्तर : माझी सगळी नोकरी प्लेटिंग शॉपमध्ये गेली, म्हणून ठामपणे सांगतो : आधी प्लेटिंगच्या टाकीपाशी उभे राहा. कामगार जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, बाहेर काढून लगेच धुवायला नेतो ना? त्या ओल्या जॉबवरून जे द्रावण जातं, तेच पुढे तुमचा गाळ होतं. विकत घेतलेलं निकेल आहे ते! जॉब टाकीवर दहा-पंधरा सेकंद निथळू द्या. त्यासाठी वर एक आडवी दांडी लावा, म्हणजे कामगाराचे हात भरून येणार नाहीत. जॉब तिरका टांगा, खळग्यात द्रावण साचत नाही. दोन टाक्यांच्या मधल्या फटीवर उतरती पट्टी बसवा.

मग पहिली धुण्याची टाकी वाहती ठेवू नका. निकेलची टाकी ५०-६० अंशांवर चालते, पाणी वाफ होऊन सतत उडतं. ती तूट या साठलेल्या धुण्याच्या पाण्याने भरा. पुढच्या धुण्याच्या टाक्यांसाठी ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडून जॉबच्या उलट दिशेने आणा. पाणी खूपच कमी लागेल.

एक सांभाळा. धुण्याच्या पाण्याबरोबर अशुद्धीही परत येते. त्या पहिल्या टाकीत क्षारमुक्त पाणी वापरा, आणि द्रावणाची तपासणी व कार्बन फिल्टर चुकवू नका, नाहीतर चकाकी जाईल.