आजोबांची पदके नातवाने लावावीत का?

प्रश्न : माझे दिवंगत आजोबा 1971 च्या युद्धात लढले होते. त्यांची चार पदके घरी आहेत. 15 ऑगस्टला गावातल्या झेंडावंदनाला मी ती कोटावर लावली, तर गुन्हा होईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नुसती लावल्याने गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 168 (पूर्वीचे भादंवि कलम 140) पाहा. सैनिक नसलेल्या माणसाने, लोकांनी आपल्याला सैनिक समजावे या हेतूने सैनिकी गणवेश घातला किंवा खूण वापरली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सगळी मदार हेतूवर आहे. म्हणून नाटकातला मेजर किंवा स्नेहसंमेलनातला छोटा जवान यात अडकत नाही. त्याच गणवेशात कोणी माजी सैनिक म्हणून वर्गणी गोळा केली, तर मात्र तोतयेगिरीने फसवणुकीचे कलम 319 लागते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते.

आता रिवाज. डावी छाती ज्याने पदक मिळवले त्याची. वारसाने उजव्या बाजूला लावायचे. लष्करानेही 2018 मध्ये वारसांना परवानगी दिली ती उजव्या बाजूसाठीच, आणि तीही युद्धस्मारकावरील मानवंदना, अंत्यविधी अशा प्रसंगांपुरती. झेंडावंदन त्यात येत नाही. तेव्हा गावात हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्र वाहणार असाल तर तेवढ्यापुरती लावा. एरवी फ्रेममध्ये ठेवलेली बरी. आजी हयात असतील तर हा मान आधी त्यांचा.

लावताना आजोबांच्या पट्टीवरचा क्रम मोडू नका. शोभेसाठी बाजारातले एखादे पदक त्यात घालू नका. जाणत्याच्या ते लगेच लक्षात येते आणि खऱ्या चारांवरही संशय जातो. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. तीच आजोबांची ओळख. पॉलिश लावून घासत राहिलात तर अक्षरे झिजतात. मऊ कोरड्या कापडाने पुसा, तेवढे पुरे.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे सुरक्षारक्षक लष्करी छापाचा गणवेश आणि छातीवर रंगीत फिती लावतात. चालते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. खासगी सुरक्षा एजन्सी कायदा, 2005 च्या कलम 21 नुसार सैन्य किंवा पोलिसांसारखा दिसणारा गणवेश घातल्यास रक्षक आणि एजन्सीचा मालक, दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. बिचारा रक्षक मिळेल तो गणवेश घालतो. पत्र एजन्सीला लिहा.