वाचकांचे प्रश्न : रबरी बोटीची निगा

पावसाळा तोंडावर आला की रबरी बोटीबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न घेतले आहेत. बहुतेक तक्रारींचं मूळ पाण्यात नाही, काठावर आहे. ऊन, माती, घाईत लावलेलं सोल्युशन आणि गोदामातले उंदीर यांनी जेवढ्या बोटी जातात तेवढ्या पाण्याने जात नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे ३.३ मीटरची पीव्हीसी बोट आहे. गोसेखुर्दच्या फुगवट्यात जाळी टाकायला वापरतो. एप्रिलमध्ये सकाळी हवा भरून बोट काठावर ठेवली होती. दुपारून पाहिलं तर मागच्या टोकाजवळचा जोड दीड इंच उचललेला. माल खराब निघाला का? (वाचक, पवनी, जि. भंडारा)

माल खराब असेलच असं नाही. दुपारच्या उन्हाने एवढं सहज होतं. या मापाच्या बोटीच्या नळ्यांना साधारण ०.२५ बार म्हणजे साडेतीन पीएसआय दाब लागतो. नेमका आकडा व्हॉल्व्हजवळच्या पट्टीवर छापलेला असतो, तोच धरा. सकाळी २५ अंशाला ०.२५ बार भरलेली नळी भर उन्हात तापून आतली हवा ६० अंशावर गेली, की दाब ०.४ बारच्या आसपास पोचतो. म्हणजे दीडपटीहून जास्त. त्याच वेळी उष्णतेने जोडातला गोंदही नरम पडतो. दाब वाढतो आणि पकड सुटते, दोन्ही एकदम. मागच्या शंकूसारख्या टोकाजवळ कापड वळवून चिकटवलेलं असतं, म्हणून जोड बहुधा तिथूनच उघडतो.

उपाय सोपा आहे, फक्त रोज पाळावा लागतो. बोट काठावर आणली की प्रत्येक कप्प्याची हवा निम्म्यावर आणा, नळी अंगठ्याने सहज दबली पाहिजे. वर सावली करा. पळसाच्या फांद्या टाकल्या तरी चालतील, पण ताडपत्री थेट नळीवर टाकू नका, खाली हवा खेळू द्या. परत पाण्यात घालताना आधी बोट पाण्यात ठेवा, दहा मिनिटं थांबा आणि मग दाब पूर्ण करा. काठावर तापलेली हवा पाण्यात थंड होऊन आकसते. ज्यांनी काठावरच ठोकून भरलेली असते त्यांची बोट पाण्यात ढिली पडते आणि मग ‘गळती आहे’ असं वाटतं.

भरतानाही क्रम आहे. सगळे कप्पे आधी निम्मे भरा, मग एकेक करून पूर्ण करा. एकच कप्पा पूर्ण भरला आणि शेजारचा रिकामा राहिला, तर मधला पडदा ताणला जातो. तो फाटला तर दुरुस्ती जवळजवळ अशक्य. हवेची तळपट्टी असेल तर तिला ०.७ ते ०.८ बार लागतं, पण ते फक्त तळाला. नळ्यांना तेवढा दाब कधीही देऊ नका. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर लांबच ठेवा. त्याच्या टाकीत आठ-दहा बार दाब असतो आणि त्याच्या काट्यावर पाव बार दिसतच नाही. दाबमापक लावलेला पायपंप घ्या.

नवी बोट घेणार असाल तर आपल्याकडच्या उन्हासाठी जोड गोंदाने चिकटवलेले नकोत, उष्णतेने वितळवून एकजीव केलेले घ्या. हायपॅलॉनची (एका कृत्रिम रबराच्या कापडाची) बोट महाग पडते, पण उन्हात पीव्हीसीपेक्षा पुष्कळ जास्त टिकते.

प्रश्न : मामा (माजी मालगुजारी) तलावात फिरवताना बोटीच्या पोटाला बारीक भोकं पडतात. सायकलचं सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा लावतो. आठ दिवसांत निघून येतो. (वाचक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

तो निघणारच. सायकलचं सोल्युशन रबरासाठी आहे. पीव्हीसीमध्ये त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य असतं, ते हळूहळू वर येतं आणि त्या सोल्युशनला पातळ करतं. वर ऊन लागलं की ठिगळ सरकतं. पीव्हीसीला दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद लागतो, हायपॅलॉनला दोन भागांचा निओप्रीन गोंद. कापड कोणतं ते ओळखायला आतल्या बाजूच्या कोपऱ्यावर ॲसिटोनचा बोळा घासा. चिकट झालं तर पीव्हीसी.

आधी भोक नेमकं शोधा. भांडी धुण्याचा साबण पाण्यात घट्ट कालवून ब्रशने लावा. पहिल्यांदा व्हॉल्व्ह. निम्म्या ‘पंक्चर’ तिथेच सापडतात. व्हॉल्व्हच्या पडद्याखाली वाळूचा एक कण अडकला तरी रात्रभरात बोट बसते. झाकण काढून स्वच्छ पाण्याने धुतलं की काम होतं. मग जोड आणि शेवटी पोट. बुडबुडा दिसला की पेन्सिलने गोल करा.

आता ठिगळ. जुन्या सोल्युशनचा अंशही राहू नये, म्हणून एमईके (ॲसिटोनसारखंच गोंद विरघळवणारं द्रव) किंवा ॲसिटोनने कापड पुसत राहा, बोळा स्वच्छ निघेपर्यंत. पॅच त्याच जातीच्या कापडाचा, गोल कापलेला आणि भोकाच्या चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर मोठा हवा. चौकोनी पॅचचे कोपरे उचलले जातात. १०० ग्रॅम गोंदाला ४ ते ५ ग्रॅम हार्डनर, म्हणजे गोंद कडक करणारा दुसरा भाग, लागतो. लहान मापासाठी सुई काढलेली सिरिंज बरी पडते. हातमोजे घाला आणि काम उघड्या हवेत करा, कारण हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट. कालवलेला गोंद तासाभरात संपवा.

बोटीवर आणि पॅचवर दोन्हीकडे पातळ हात द्या. १० ते १५ मिनिटं वाळू द्या. दुसरा पातळ हात द्या आणि बोटाच्या मागच्या बाजूने तपासत राहा. चिकटतं पण तार सुटत नाही, अशी वेळ आली की केस वाळवायच्या यंत्राने दोन्ही बाजू किंचित गरम करा आणि पॅच मधून कडेकडे दाबत बसवा. एकदा टेकवला की सरकवायचा नाही. चमच्याच्या पाठीने जोर लावून घासा, आत हवा राहता कामा नये. वर वजन ठेवून २४ तास. पूर्ण दाब ७२ तासांनंतरच.

यात सगळ्यात जास्त चूक होते ती वेळ निवडण्यात. मे महिन्यात दुपारी लावलेल्या गोंदाला वरून साय येते आणि आत ओल राहते. पावसाळ्यात उलट होतं. गोंदातला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि पॅच वरून छान दिसूनही ओढला की सोलून येतो. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत हवी. म्हणून मोठी कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सावलीत, दहा ते चारच्या दरम्यान उरका. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे.

भोकं कशाने पडतात तेही सांगतो. तुमच्या भागात मामा तलाव आणि बोड्यांमध्ये, म्हणजे लहान तळ्यांमध्ये, शिंगाडा लावतात. काढणीतून सुटलेलं फळ वाळून गाळात बसतं आणि त्याची शिंगं काट्यासारखी कडक होतात. काठावरून बोट ओढत नेली की ती थेट पोटात घुसतात. धरणाच्या फुगवट्यात हेच काम गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात घेतलेल्या पिकाची, धसकटं करतात. बोट ओढू नका. चौघांनी उचला किंवा मागच्या फळीला, म्हणजे ट्रान्समला, घडीची चाकं लावून घ्या.

प्रश्न : बोटीसाठी ट्रेलर बनवून घ्यावा का? ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा कारागीर तयार आहे. (वाचक, मोर्शी, जि. अमरावती)

महिन्यातून एकदा-दोनदा ऊर्ध्व वर्ध्याला नेणार असाल तर नको. तळासकट बोट ५०-६० किलो, छोटं इंजिन ३५-४० किलो. गुंडाळून पिकअपमध्ये आरामात बसतं. शिवाय मोटार वाहन कायद्याने ट्रेलरही वाहनातच मोडतो, त्यामुळे आरटीओची नोंदणी लागते. बनवण्याआधी त्याच कार्यालयात विचारून घ्या, नंतर नको.

बनवायचाच असेल तर कारागिराला तीन गोष्टी ठासून सांगा. एक, ट्रॉलीची कमान लावायची नाही. दोन टनांसाठी बनवलेले पाटे दीडशे किलोला वाकतच नाहीत, सगळा धक्का बोटीला बसतो. दोन-तीन पातळ पाटे पुरतात. दोन, बोट लोखंडावर टेकता कामा नये. तळाखाली लांबीच्या दिशेने दोन लाकडी फळ्या, त्यांवर जाजम. या फळ्या ट्रान्समच्या खालपर्यंत गेल्या पाहिजेत, नाहीतर मागचं वजन अधांतरी लटकतं. तीन, हुकावर एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार हवा. ट्रेलर भरून २५० किलो झाला तर १८ ते २५ किलो. हुकाची बाजू साध्या वजनकाट्यावर टेकवून पाहा. भार कमी पडला तर ट्रेलर मागे डुलतो आणि ६० च्या वेगाला जीपलाही हलवतो.

इंजिन बोटीवर लावून नेऊ नका. गतिरोधकावर ते झोके घेतं आणि ट्रान्समच्या कडेचे जोड सैल होतात. काढून गाडीत आडवं ठेवा. फोर स्ट्रोक असेल तर इंजिनावर खूण केलेल्या बाजूवरच झोपवा, उलट्या बाजूने तेल सिलिंडरमध्ये उतरतं. पट्टे नळ्यांवरून करकचून आवळू नका, ट्रान्समच्या कड्यांतून खाली ओढा.

बेअरिंगकडे लोक दुर्लक्ष करतात. २०-२५ किलोमीटर चालून आलेला हब गरम असतो. तसाच पाण्यात घातला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ग्रीसचं पांढरं दही होतं आणि पुढच्या फेरीत बेअरिंग जाम. काठावर २० मिनिटं थांबा, हाताला कोमट लागलं की मगच उतरवा. ग्रीस पाण्यात टिकणारं वापरा आणि हंगामातून एकदा हब उघडा. उतरवायची जागा मुरमाची निवडा. पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत भरलेला ट्रेलर रुतला तर ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, आणि धरणाच्या दगडी पिचिंगवरून तर उतरवूच नका.

प्रश्न : दोन स्ट्रोकचं आऊटबोर्ड इंजिन पहिल्या दोराला चालू होतं, पाच मिनिटांत बंद पडतं. थोड्या वेळाने परत चालू. (वाचक, उमरखेड, जि. यवतमाळ)

आधी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहा. तो बंद राहिला की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल येणं थांबतं. थोड्या वेळात हवा झिरपते आणि इंजिन परत चालू होतं. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे. नळीतला रबरी फुगा चपटा झालेला दिसला तर खात्रीच समजा.

तो स्क्रू उघडा असेल तर पेट्रोल तपासा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर पडली की खाली पाण्याचा थर बसतो. काचेच्या बाटलीत थोडं काढून पाहा, दोन थर दिसले तर सगळं काढून टाका आणि कार्ब्युरेटरची वाटी धुवा. मिश्रण महिन्याच्या आत संपवा. प्रमाण पुस्तिकेप्रमाणे, बहुतेक इंजिनांना १ लिटरला २० मिली. तेल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या दोन स्ट्रोक इंजिनाचं, मोटारसायकलचं नको. इंजिन ठेवून देताना नळी काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

एक सूचना न विचारता देतो. ‘आवाज तर पाहू’ म्हणून इंजिन कोरडं चालवू नका. पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र अर्ध्या मिनिटात जळतं. कापलेल्या ड्रममध्ये पाणी भरा, पंख्याच्या वरची आडवी पाती बुडली पाहिजे. चालताना मागून पाण्याची धार पडत असावी. इकॉर्निया (जलपर्णी) किंवा प्लास्टिकने तोंड बुजलं की धार थांबते. तत्क्षणी इंजिन बंद करा.

प्रश्न : पुरासाठी गावाला रबरी बोट आणि लाइफ जॅकेट मिळाली आहेत. वर्षभर ग्रामपंचायतीच्या खोलीत बांधून असतात. पावसाळ्याआधी काय तपासावं? (वाचक, देसाईगंज, जि. गडचिरोली)

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा पाणी चढायला फार वेळ लागला नव्हता. तेव्हा तपासणी मे महिन्यातच करा, जूनमध्ये नको, कारण काही निघालं तर गोंद वाळायला कोरडी हवा लागते.

बोट उलगडून पहिल्यांदा घड्या पाहा. उंदीर घडीतच कुरतडतात. सकाळी सहाला दाब मोजा, सावलीत ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच परत मोजा. दुपारी मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. एखादा कप्पा ढिला पडला आणि शेजारचा घट्ट झाला तर मधला पडदा गेला असं समजा, आणि ती बोट पुरात नेऊ नका. ट्रान्समच्या बोल्टांभोवती लाकूड काळं पडलं असेल तर खिळ्याने टोचून पाहा. मऊ लागलं तर आतून कुजलं आहे.

जॅकेट घालून कमरेइतक्या पाण्यात उतरून पाहा. खांद्याचे पट्टे वर ओढले आणि जॅकेट कानापर्यंत आलं, तर माप मोठं आहे किंवा पट्टे ढिले आहेत. पोहता न येणाऱ्यांसाठी किमान १०० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप) हवं, ५० न्यूटनचं फक्त पोहणाऱ्याला मदत म्हणून आहे. मुलांची मापं वेगळी मागून घ्या.

बोटीत कायम असावं ते : दोन वल्ही, पायपंप, व्हॉल्व्हचं एक जास्तीचं झाकण, ३० मीटर तरंगणारा दोर, प्रत्येक जॅकेटला शिटी. दोर कुणाच्या कमरेला बांधायचा नाही. धारेत बोट आडवी बांधायची नाही, नाकाडं नेहमी धारेकडे. किती माणसं बसवायची ते पट्टीवर लिहिलेलं असतं. पुरात माणसं गर्दी करतात, म्हणून तो आकडा बाहेरच्या बाजूला ठळक रंगवून घ्या.

आणि बोट कुणाच्या हाती द्यायची हे आजच ठरवा. गावातल्या ढिवर (मासेमार) बांधवांना नदीची धार, भोवरे, बुडालेली झाडं ठाऊक असतात. इंजिन चालवायला शिकवायचं तर त्यांच्यातल्या चौघांना शिकवा आणि एक रविवार तलावात इंजिनाशिवाय, नुसत्या वल्ह्यांवर सराव करून घ्या. पेट्रोल खोलीत साठवू नका, कॅन रिकामा आणि कोरडा ठेवा. बोट ठेवताना पूर्ण वाळवून, घड्यांमध्ये टाल्कम पावडर टाकून, जमिनीपासून दोन फूट वर, सैल गुंडाळून ठेवा. धान्याच्या पोत्यांशेजारी अजिबात नको.