मधला प्रोसेसर की वरचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : पहिल्यांदाच गेमिंगसाठी संगणक जोडतोय. मॉनिटर १४४०पी (२५६० × १४४० पिक्सेल), १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) ठरलाय. एएमडीचा मधला प्रोसेसर रायझन ५ ७६०० घेऊन उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत, की वरचा रायझन ९ ७९५०एक्स घेऊन एकदाच मोकळं व्हावं?

उत्तर : रायझन ५ घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. यामागचं कारण नीट समजून घ्या, पुढच्या बऱ्याच उत्तरांचा पाया तोच आहे.

पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक चित्रामागे, म्हणजे फ्रेममागे, दोन कामं असतात. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, शत्रू आता काय करणार, चित्रात कोणत्या वस्तू येणार, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि कार्डाला आदेश देतो. कार्ड ते चित्र काढतं. दोघांपैकी ज्याला जास्त वेळ लागतो त्याच्यावर एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठरतात, दुसरा नुसता थांबून राहतो. ६० एफपीएस हवे असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १६५ हवे असतील तर जेमतेम ६. रिझोल्यूशन (चित्रातल्या पिक्सेलची संख्या) वाढवलं की कार्डाचं काम वाढतं, कारण १०८०पीला सुमारे २१ लाख पिक्सेल लागतात, १४४०पीला ३७ लाख आणि ४केला ८३ लाख. प्रोसेसरचं काम मात्र जवळजवळ तेवढंच राहतं, कारण रिझोल्यूशन बदललं म्हणून मैदानातले शत्रू वाढत नाहीत. १४४०पीवर सेटिंग्ज वर ठेवून खेळलात तर बहुतेक गेममध्ये आधी कार्डच कमी पडेल.

७९५०एक्समध्ये १६ कोअर (स्वतंत्रपणे हिशेब करणारे भाग) आहेत, पण ते ८-८ चे दोन तुकडे करून बसवलेले आहेत. गेमला एवढे कोअर लागत नाहीत, आणि एका तुकड्यातला डेटा दुसऱ्याला लागला की वेळ जातो. थ्रीडी रेंडरिंग, व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठे प्रोग्राम कंपाइल करणं हे रोजचं काम असेल तर हा उत्तम प्रोसेसर आहे. फक्त खेळण्यासाठी नको.

प्रश्न : परीक्षणांच्या आलेखात महागडा प्रोसेसर ३० टक्के पुढे दिसतो. ज्यांच्याकडे तो आहे ते म्हणतात, काही फरक जाणवत नाही. खरं कुणाचं?

उत्तर : दोघांचंही. प्रोसेसर तपासताना परीक्षक मुद्दाम सगळ्यात ताकदवान ग्राफिक्स कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन १०८०पीवर आणतात. कार्डाचा अडथळा दूर झाला तरच प्रोसेसरमधला फरक उघड होतो, त्यामुळे ही पद्धत योग्यच आहे. पण मधलं कार्ड आणि १४४०पी असलेल्या संगणकावर तो फरक कार्डाच्या मर्यादेखाली दबून जातो. आलेख वाचताना एकच आकडा शोधा : मला हवे तेवढे एफपीएस हा प्रोसेसर माझ्या गेममध्ये देतो का? देत असेल तर त्याच्या वर कोण आहे याची चिंता करू नका. सरासरीबरोबर ‘१ टक्का लो’ (सर्वात हळू आलेल्या १ टक्का फ्रेमचा वेग) हा आकडाही बघा. खेळताना मध्येच बसणारे झटके त्यात दिसतात, सरासरीत ते झाकले जातात.

प्रश्न : मग एक्स३डी प्रोसेसरचं एवढं कौतुक का?

उत्तर : कारण ते सार्थ आहे. नावात एक्स३डी असलेल्या रायझनमध्ये जादा कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) असते. वरच्या वर्गातला एखादा प्रोसेसर निव्वळ गेमिंगसाठी घ्या असं मी सांगेन, तर तो यांच्यातलाच असेल. रायझन ५ ७६०० मध्ये एल३ कॅश ३२ एमबी आहे, रायझन ७ ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी. गेमच्या हिशेबात डेटा सतत इथून तिथून उचलावा लागतो. तो कॅशमध्ये सापडला नाही तर प्रोसेसरला रॅमपर्यंत जावं लागतं आणि तेवढा वेळ कोअर रिकामा बसतो. कॅश तिप्पट असली की या फेऱ्या कमी होतात. म्हणूनच कमी वेगाने धावणारा ७८००एक्स३डी जास्त गिगाहर्ट्झवाल्या ७९५०एक्सला बहुतेक गेममध्ये मागे टाकतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ९८००एक्स३डीत हा जादा कॅशचा थर कोअरच्या वर नाही, खाली बसवलाय. त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते आणि वेगही वर नेता येतो.

फायदा सर्वात जास्त कुठे? फॅक्टोरिओ, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर यांसारख्या, हजारो गोष्टींचा हिशेब एकाच वेळी ठेवणाऱ्या गेममध्ये. आणि काउंटर-स्ट्राइक २ सारख्या स्पर्धात्मक गेममध्ये, २४० हर्ट्झ किंवा त्यापुढच्या मॉनिटरवर. तिथे एका फ्रेमला ४.२ मिलिसेकंदच मिळतात, आणि सेटिंग्ज खाली असल्यामुळे कार्डाला फारसं काम नसतं. कथाप्रधान गेम ६० ते १०० एफपीएसवर निवांत खेळणाऱ्याला यातलं फारसं काही मिळणार नाही.

प्रश्न : सहा कोअर लवकरच कालबाह्य होणार, असं सारखं वाचतो. पीएस५ या गेम कन्सोलमध्येही आठ आहेत म्हणे.

उत्तर : आहेत, पण ते एएमडीच्या झेन २ या जुन्या पिढीचे आणि कमी वेगाचे आहेत. नुसते कोअर मोजू नका. २०१८ चा रायझन ५ २६०० आणि २०२२ चा रायझन ५ ५६०० दोन्ही सहा कोअरचेच. पण पहिल्याची १६ एमबी कॅश दोन भागांत वाटलेली आहे, दुसऱ्याच्या सहाही कोअरना ३२ एमबी एकत्र मिळते. शिवाय त्याचा प्रत्येक कोअर क्लॉकच्या एका ठोक्यात जास्त काम करतो. गेममध्ये या दोघांची बरोबरीच होत नाही. आजच्या पिढीतले सहा कोअर घ्यायला घाबरू नका. चार कोअरचा मात्र आता नवीन घेऊ नका.

प्रश्न : माझ्याकडे इंटेलचा आय५-१२४००एफ आहे. गेममध्ये प्रोसेसरचा वापर ४५ टक्के दिसतो, कार्डाचा ६०. दोघेही मोकळे असताना एफपीएस वाढत का नाहीत?

उत्तर : ४५ टक्के ही १२ थ्रेडची (प्रोसेसर एकाच वेळी चालवू शकतो त्या कामांच्या रांगांची) सरासरी आहे. त्यातला एकच थ्रेड पूर्ण भरला तर एकूण आकड्यात तो ८ टक्केच दिसतो, आणि गेमचं मुख्य काम बहुधा असंच एका थ्रेडवर अडकलेलं असतं. कार्ड ९५ टक्क्यांच्या पुढे जात नसेल आणि एफपीएसवर मर्यादा लावलेली नसेल, तर अडचण प्रोसेसरच्या बाजूला आहे असं धरा. खात्रीसाठी रिझोल्यूशन एकदम खाली आणा. एफपीएस तेवढेच राहिले तर निदान पक्कं.

लगेच नवीन प्रोसेसर घ्यायला धावू नका. आधी रॅम पाहा. एकच स्टिक लावली असेल तर बँडविड्थ (एका वेळी डेटा नेण्याची क्षमता) निम्मीच मिळते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी ही रॅमचा पूर्ण वेग चालू करणारी सोय बंद असेल तर रॅम लिहिलेल्या वेगाने चालतच नाही. मग गेममध्ये गर्दीची घनता, दूरवरचा तपशील आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून सावल्या, प्रतिबिंबं काढणं) कमी करून बघा. रे ट्रेसिंगचं ओझं फक्त कार्डावर पडतं असा समज आहे, पण ते प्रोसेसरवरही पडतं.

प्रश्न : ४केवर खेळतो. म्हणजे कोणताही प्रोसेसर चालेल ना?

उत्तर : डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) वापरत असाल तर नाही. ४केच्या परफॉर्मन्स मोडमध्ये गेम आतून १०८०पीवरच चित्र काढतो. कार्डाचं ओझं उतरतं आणि प्रोसेसरची मर्यादा पुन्हा समोर येते. मधला चांगला प्रोसेसर तरीही पुरेल, अगदी तळातला घेऊ नका.

प्रश्न : खेळता खेळता स्ट्रीमिंगही करायचंय. जास्त कोअर हवेत का?

उत्तर : नकोत. व्हिडिओ एन्कोड करण्यासाठी आजच्या ग्राफिक्स कार्डात वेगळा भाग असतो, तोच वापरा.

प्रश्न : वापरलेला आय९-१३९००के मिळतोय. घ्यावा?

उत्तर : मी घेणार नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळाल्याने कायमची इजा होत होती. २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) दुरुस्त केला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झालेली इजा त्या दुरुस्तीने भरून येत नाही. आधीच्या मालकाने तो कसा वापरला हे तुम्हाला कळणार नाही. शिवाय पूर्ण ताकदीने चालवला तर तो २५३ वॉटपर्यंत वीज घेतो, म्हणजे कूलरही तसाच मोठा लागेल.

प्रश्न : बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ २६०० आहे. सगळंच बदलावं लागेल का?

उत्तर : नाही. तुमच्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या जागेवर) रायझन ५ ५६०० बसतो आणि तुमच्यासाठी तो मोठी उडी ठरेल. कार्ड ताकदवान असेल आणि ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी चांगल्या स्थितीत मिळाला, तर त्याच बोर्डावर आणखी बरीच वर्षं निघतील. या दोघांबरोबर कूलर येत नाही, तो वेगळा घ्या. आणि जुना प्रोसेसर काढण्याआधी, तो लावलेला असतानाच, बायोस नव्या आवृत्तीवर न्या. जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर बसवला तर संगणक सुरूच होणार नाही.