श्वसनातलं वस्तुमान मोजायचंय? फुगा काढून ठेव

आधी कागदावरचा हिशेब: 180 ग्रॅम ग्लुकोज आणि 192 ग्रॅम ऑक्सिजन मिळून 264 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, 108 ग्रॅम पाणी. दोन्हीकडे 372. ऊर्जा सुटते म्हणून वजन घटतं, असं उत्तरपत्रिकेत लिहू नकोस. घटलेलं वजन वायूचं असतं.

प्रयोगाला यीस्ट बरं, फक्त ते विनाऑक्सिजन श्वसन, म्हणजे किण्वन. गोव्यात यीस्टऐवजी सूर (माडाची ताडी) घालायचा मोह होणारच, पण तिच्यातली साखर किती ते कळत नाही. 100 मिली कोमट पाणी, 2 ग्रॅम साखर, अर्धा चमचा कोरडं यीस्ट. बाटलीवर फुगा लावलास तर वजनकाट्यावर वजन कमी दिसतं आणि सगळे गोंधळतात! वायू कुठेही गेलेला नसतो. अर्धा लिटर फुगलेला फुगा तेवढी हवा बाजूला सारतो, तिच्या प्लावक बलाने, म्हणजे वर ढकलण्याने, सुमारे 0.6 ग्रॅम कमी दिसतं. त्यापेक्षा सोड्याची 500 मिलीची प्लास्टिक बाटली घट्ट बंद कर. काचेची मुळीच नको, आणि साखर वाढवू नकोस, दाब वाढतो. काटा 0.01 ग्रॅमचा हवा. दुसऱ्या दिवशी वजन तेवढंच भरेल. मग झाकण हळूहळू सैल कर: घट 1 ग्रॅमच्या आतच, कारण थोडा वायू पाण्यात विरघळलेला राहतो. पावसाळ्यात फ्रिजमधली बाटली घामेजते, तसली थेट काट्यावर ठेवू नकोस.