फोन लॉक होता तरी ओटीपी गेला: सगळी नोटिफिकेशन बंद करण्याआधी हे वाचा

तुमच्या पोस्टमधल्या एका वाक्याशी मी थांबले. "ओटीपी बरोबर टाकला गेलाय, म्हणजे तो तुमच्याकडूनच गेला असणार, असं बँक म्हणते." हेच वाक्य आम्ही ठाणे शहरात एका बँकेच्या काउंटरसमोर उभं राहून ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही लिहिलंय की पुण्यात स्वारगेटला पत्नीच्या पर्समधून फोन गेला, फ्लिप कव्हरमध्ये डेबिट कार्ड होतं, फोनला पिन होता आणि तरीही थोड्याच वेळात ऑनलाइन खरेदी होऊन पैसे गेले. त्या धास्तीने तुम्ही घरातल्या सगळ्या फोनची नोटिफिकेशन बंद केलीत, आणि आता आईंना दारात उभ्या असलेल्या गॅसवाल्याला कोड सांगता येत नाही. यात मधला मार्ग आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

कार्ड बंद करणं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक ब्लॉक करणं हे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही. एवढंच सांगते की आयएमईआय ब्लॉक झाल्याने फक्त ते यंत्र नेटवर्कवर चालत नाही, खातं आणि सिम त्याने सुरक्षित होत नाहीत. आणि डुप्लिकेट सिम घेतल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. तो सरकारी नियमच आहे, सिम खराब निघालं असं समजून पुन्हा मोबाइल कंपनीच्या गॅलरीत धावू नका.

फोनचं कुलूप कुणी तोडलेलं नाही. कार्डावर पुढे नंबर आणि मुदत, मागे सीव्हीव्ही हा तीन आकडी कोड. उरला ओटीपी, तो लॉक असलेल्या स्क्रीनवर आपोआप उजळून दिसला. माझ्या धाकट्या दिरांच्या बाबतीत हेच झालं. चोराला पिनची गरजच पडली नाही.

माझं ठाम मत असं की लॉक स्क्रीनवरचा मजकूर झाकावा, पण नोटिफिकेशन बंद करू नयेत. या दोन वेगळ्या सेटिंग आहेत आणि घाबरलेला माणूस नेमकी दुसरी निवडतो. नोटिफिकेशन बंद केलं की पैसे गेल्याचा पहिला इशाराही बंद होतो. मजकूर झाकला तर फोन वाजतो, कुणाचा मेसेज आलाय हे कळतं, आत काय आहे ते फोन उघडल्यावरच दिसतं. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१४ सालच्या ५.० आवृत्तीपासून आहे. सेटिंगमध्ये नोटिफिकेशनखाली लॉक स्क्रीनचा पर्याय असतो, तिथे संवेदनशील मजकूर लपवा अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं सापडेल. प्रत्येक कंपनीने नाव आणि जागा बदललेली असते, त्यामुळे सेटिंगच्या शोधपट्टीत 'लॉक स्क्रीन' टाकून पाहा. आयफोनमध्ये नोटिफिकेशनखाली 'शो प्रीव्ह्यूज' असतं, ते 'व्हेन अनलॉक्ड' वर ठेवा. चेहऱ्याने उघडणारे आयफोन २०१७ च्या आयफोन टेनपासून मुळात असेच सेट होऊन येतात. बोटाने उघडणाऱ्यांत मात्र तपासून घ्या.

आता आईंची अडचण. एसएमएसच्या एकाच ॲपमध्ये बँकेचा ओटीपीही येतो आणि गॅसचा कोडही. गॅसचा दाखव, बँकेचा लपव, असं त्या ॲपला नीट सांगता येत नाही. म्हणून एसएमएस पूर्ण झाका आणि फोन उघडणं सोपं करा. वयस्कर माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, भांडी घासलेल्या ओल्या हाताला तर सेन्सर जुमानतच नाही. एकच बोट दोन-तीन वेळा वेगवेगळं बोट म्हणून नोंदवा, एकदा टोकाने, एकदा तिरकं. सासूबाईंच्या फोनवर या एका गोष्टीने रोजची कटकट गेली. चेहऱ्याने उघडणाऱ्या आयफोनवर तर नुसतं पाहिलं की लॉक स्क्रीनवरच मजकूर उघडतो, आणि दुसऱ्या कुणी पाहिलं तर झाकलेला राहतो. सोय आणि सुरक्षा दोन्ही एकत्र सांभाळणारी मला आवडलेली ही एकच व्यवस्था. स्वस्त अँड्रॉइड फोनमधली चेहऱ्याची ओळख मात्र बऱ्याचदा साध्या कॅमेऱ्यावर चालते, ती फोटोनेही फसू शकते. पैशाचे व्यवहार असलेल्या फोनवर मी ती लावणार नाही.

रिक्षा-टॅक्सीच्या ॲपमधले, घरपोच सामानाचे, सोसायटीच्या गेटचे मेसेज उघडे राहिले तरी माझी हरकत नाही. त्यातून फार तर कुणाला कळेल की तुमची भाजी आली. पण व्हॉट्सॲप झाका. ते चोरापेक्षा ऑफिसच्या टेबलासाठी. डॉक्टरांनी पाठवलेला रिपोर्ट शेजारच्या खुर्चीवरून कुणी वाचू नये, एवढी अपेक्षा चुकीची नाही. लॅपटॉपला फोन जोडलेला असेल तर मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना तेच मेसेज सगळ्यांसमोर उगवतात, तेही पाहून ठेवा. हातातल्या घड्याळावर कोड दिसत असेल तर दिसू द्या. फोन गेला तरी घड्याळ मनगटावरच राहतं.

आता बँकेबद्दल. इथे आमचं सर्वात मोठं नुकसान झालं आणि तुमचं ते टळावं असं मला मनापासून वाटतं.

फोन गेल्याचं लक्षात आल्यावर दीर सरळ जवळच्या शाखेत गेले. त्यांना वाटलं, समोर जाऊन सांगितलं की काम लवकर होईल. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं की आधी पोलिसांचा कागद आणा, मग अर्ज लिहा, साहेब जेवायला गेलेत. कार्ड बंद करतो म्हणाला, पण केलं की नाही याचा काही कागद दिला नाही. तक्रार क्रमांक नाही, शिक्का नाही, काही नाही. मग पोलीस चौकीत "गहाळ" अशी नोंद करून एक कागद हातात दिला गेला. चोरी म्हणून लिहा असं दीर सांगत होते, तिकडे कुणी ऐकलं नाही. ते परत शाखेत येईपर्यंत आणखी खरेदी झाली होती. नंतर बँकेच्या लेखी उत्तरात तक्रार नोंदवल्याची जी वेळ होती, ती या दुसऱ्या फेरीनंतरची. पहिल्यांदा काउंटरवर सांगितलं ती वेळ कुठेच नव्हती.

हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला यासाठी परिपत्रक काढलं. ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात कुणी किती भुर्दंड सोसायचा ते त्यात दिलंय. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी वेगळं परिपत्रक निघालं. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवलं तर मर्यादित. आणि ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तरी, बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातात ते बँकेने सोसायचे. म्हणजे सगळं त्या एका वेळेवर अडतं: बँकेला कधी कळवलं. ती वेळच आमच्याकडे कागदावर नव्हती. जे थोडे पैसे परत आले ते बँकेने मान्य केलेल्या वेळेनंतरच्या व्यवहाराचे. मधले गेले ते गेले.

मी वकील नाही, बँकेत कामालाही नाही. नियमांत बदल होत असतात, तेव्हा सध्या लागू असलेला मजकूर रिझर्व्ह बँकेच्या साइटवर वाचून घ्या. पण ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचं काम बँकेचं, असं त्या परिपत्रकात स्पष्ट आहे. "ओटीपी टाकला गेला" एवढ्याने ते सिद्ध होत नाही. ओटीपी दिला गेला आणि ओटीपी दिसला यात फरक आहे, आणि तुमच्या लेखी तक्रारीत हा फरक पहिल्या परिच्छेदात यायला हवा: फोन लॉक होता, कोड कुणालाही सांगितलेला नाही, तो चोरलेल्या फोनच्या स्क्रीनवर उमटला. बँक कव्हरमधल्या कार्डावर बोट ठेवेल, ठेवू दे. ते लपवू नका. चोरीनंतरच्या प्रत्येक व्यवहाराची वेळ आणि तुम्ही फोन केल्याची वेळ शेजारी शेजारी लिहा.

आणखी एक गोष्ट मला आजही खटकते. पैसे गेल्याची सूचना बँकेने पाठवली होती, हे खरं. पण ती गेली कुठे? चोराच्या हातातल्या फोनवर. आम्हाला कळलं ते ईमेलमुळे, दिरांचा मेल घरातल्या टॅबवर उघडा होता म्हणून. तेव्हापासून घरात सगळ्यांच्या खात्यांना ईमेलची सूचना सुरू केली आहे, आणि प्रत्येकाचा मेल त्याच्या फोनशिवाय आणखी एका ठिकाणी दिसतो. हे तुम्ही आजच करा. नोटिफिकेशनबद्दलच्या चर्चेत हे कुणी सांगत नाही.

मजकूर झाकूनही एक मोठी फट राहते: सिम. ट्रे उघडायला एक टाचणी पुरते. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की सगळे ओटीपी तिथे, तुमची लॉक स्क्रीन कितीही झाकलेली असो. डेबिट कार्ड सोबत असेल तर यूपीआयचा नवा पिनही अशाने काढता येतो, कारण त्याला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी लागतो. यावर उपाय सिम लॉक, म्हणजे सिमलाच वेगळा पिन. फोनच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये तो असतो. सिमचा मूळ पिन कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडण्याचा कोड मागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं निकामी. मूळ पिनने लॉक चालू करा आणि लगेच तो बदला, कारण मूळ आकडे सगळ्यांना माहीत असतात.

याचीही किंमत आहे. फोन रीस्टार्ट झाला की सिमचा पिन टाकेपर्यंत फोन येत नाही, जात नाही. काही फोन रात्री अपडेटसाठी आपोआप रीस्टार्ट होतात. एकटं राहणाऱ्या वयस्कर माणसाचा फोन सकाळभर बंद लागला तर घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. त्यांच्या फोनवर आपोआप रीस्टार्ट बंद करा, किंवा ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम घ्या, ते काढून दुसरीकडे घालता येत नाही. आईंच्या फोनसाठी मी ई-सिमच सुचवेन.

फोन करून येणारा ओटीपीही लोक विसरतात. व्हॉट्सॲप नव्या फोनवर चालू करताना कोड एसएमएसऐवजी कॉलवरही मागता येतो, आणि लॉक असलेल्या फोनवर आलेला कॉल कुणीही उचलू शकतो. मजकूर झाकण्याने हे थांबत नाही. व्हॉट्सॲपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सहा आकडी पिन लावा. नंतर तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले जाण्याचा त्रास त्याने वाचतो.

लॉक स्क्रीनवरूनच फ्लाइट मोड चालू होऊ देऊ नका. चोर पहिली गोष्ट तीच करतो, मग फोन नकाशावर दिसत नाही. आयफोनमध्ये लॉक असताना कंट्रोल सेंटर बंद ठेवता येतं, काही अँड्रॉइडमध्येही अशी सोय आहे. उलट आपत्कालीन माहिती, रक्तगट, घरच्यांचा नंबर हे लॉक स्क्रीनवर मुद्दाम उघडं ठेवा. रस्त्यावर कुणाला चक्कर आली तर मदत करणाऱ्याला ते दिसायला हवं. नंबर अर्थातच घरातल्या दुसऱ्या कुणाचा.

कार्ड कव्हरमधून काढलं असेलच. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची ऑनलाइन खरेदी बंद ठेवता येते आणि मर्यादाही लावता येते, ही सोय २०२० पासून सगळ्या बँकांना द्यावी लागते. लागेल तेव्हा चालू करा, काम झालं की बंद.

तुमच्या हातात आत्ता जे आहे ते असं: शाखेत तोंडी बोलणं थांबवा. बँकेच्या अधिकृत नंबरवर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, तोच मजकूर ईमेलने पाठवा, शाखेत अर्ज द्यायचा तर प्रतीवर शिक्का आणि वेळ घ्या. पोलिसांकडे "गहाळ" नोंद झाली असेल तर चोरी आणि फसवणूक म्हणून लेखी तक्रार पुन्हा द्या. हद्द आमची नाही हे कारण चालत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा व्हायला हवी आणि ९० दिवसांत निकाल लागायला हवा, हे दोन्ही आकडे अर्जात लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आमच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे. हवा असेल तर सांगा, खाजगी माहिती काढून इथेच टाकते.