वाचकांचे प्रश्न : प्लेटा नव्या टाकल्या, तरी बॉक्स स्लिप का होतो?

प्रश्न : खाणीच्या लिलावातून घेतलेल्या पाण्याच्या टँकरला जुना चार गिअरचा ॲलिसन एमटी-६४३ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. इंजिनचा डिझेल पंप वाढवून घेतला, म्हणजे जास्त डिझेल सोडून ताकद वाढवली. तेव्हापासून चौथ्या गिअरमध्ये चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी रेटत नाही. रिव्हर्सही उशिरा लागतो. सकाळी ठीक चालतं, दुपारनंतर त्रास सुरू होतो. बॉक्स खोलून क्लचच्या सगळ्या प्लेटा नव्या टाकल्या, पण काही दिवसांत चौथ्याच्या प्लेटा पुन्हा जळल्या. आता काय बदलू? — एक वाचक, उमरेड

उत्तर : आत्ता काहीच बदलू नका. आधी प्रेशर गेज लावा. जळालेली प्लेट हा परिणाम असतो, कारण वेगळीकडे असतं. ते शोधल्याशिवाय टाकलेलं प्लेटांचं तिसरं किटही जळेल.

तुमच्या पत्रातच अर्धं निदान आहे. क्लच म्हणजे तेलाच्या दाबाने पिस्टन ज्यांना दाबून धरतो तो प्लेटांचा गठ्ठा. या बॉक्समध्ये पुढच्या चारही गिअरना फॉरवर्ड क्लच लागलेला असतो आणि त्याच्या जोडीला त्या त्या गिअरचा क्लच. रिव्हर्सला मात्र चौथा आणि पहिला असे दोन क्लच लागतात. पहिल्या गिअरची तुमची तक्रार नाही, म्हणजे फॉरवर्ड आणि पहिला क्लच शाबूत आहेत. चौथा आणि रिव्हर्स दोन्ही बिघडले, म्हणजे दोघांत सामाईक असलेला चौथा क्लच किंवा त्याच्याकडे जाणारी तेलाची वाट. बॉक्स थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर स्लिप, यावरून गळतीचा संशय पक्का होतो. तेल गरम होऊन पातळ झालं की कडक झालेल्या सीलमधून आणि झिजलेल्या रिंगमधून ते निसटतं.

तेलाची पातळी गाडी सपाटीवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन आयडलला आणि तेल ७० ते ९० अंशांवर असताना बघा. मग मेन प्रेशरच्या प्लगला ३०० पीएसआयपर्यंतचं (पीएसआय हे दाबाचं माप) गेज जोडा. चाकांना लाकडी ओंडके लावा, ब्रेक दाबून ठेवा, गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं राहू देऊ नका. तेल गरम असतानाच, एकाच आरपीएमला न्यूट्रल, पहिला आणि रिव्हर्स असे तीन आकडे लिहून घ्या. रिव्हर्समध्ये चौथाच क्लच लागत असल्यामुळे उभ्या गाडीवर त्याची तपासणी होते, हा या बॉक्सचा मोठा फायदा. फक्त रिव्हर्सलाच दाब कमी झाला तर गळती चौथ्याच्या वाटेवर आहे. सगळीकडेच कमी असेल तर पंप, फिल्टर, सक्शन पाइपची ओ-रिंग किंवा प्रेशर रेग्युलेटर बघा. सक्शनची ओ-रिंग कडक झाली की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि काटा थरथरतो. एवढ्याशा रिंगपायी अख्खा बॉक्स उतरवलेला असतो.

फॉरवर्ड आणि चौथा हे फिरणारे क्लच आहेत. पहिला, दुसरा, तिसरा केसिंगमध्येच बसलेले असतात, त्यांना तेल थेट मिळतं. फिरणाऱ्या क्लचला तेल पोचतं ते हबवरच्या सीलिंग रिंगमधून. म्हणून बॉक्स खोलल्यावर नजर तिथे हवी. रिंग नवी टाकूनही ज्या भोकात ती घासते तिथे चर पडलेला असेल तर उपयोग नाही. बोटाचं नख आतून फिरवा. नख अडकलं की तो भाग बाद. चर लेथवर पॉलिश करून घालवायला गेलात तर भोक मोठं होतं आणि रिंगचं तोंड उघडं पडतं. त्याच हबचे बुशही बदला, कारण बुश सैल असेल तर ड्रम डुलतो आणि नवी रिंग एका बाजूने खाल्ली जाते. पिस्टनचं सील वाकवून पाहा. रबर वाकायच्या ऐवजी प्लास्टिकसारखं तडकलं तर बॉक्स खूप तापलेला आहे, मग बाकीची सगळी सीलंही तशीच समजा. पिस्टनमध्ये किंवा ड्रममध्ये छोटी बॉल असेल तर ती मोकळी खुळखुळली पाहिजे.

आता ताकदीबद्दल. क्लच किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलेल हे दाब, पिस्टनचं क्षेत्रफळ आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या यांवर ठरतं. क्लचमध्ये घासणारी फ्रिक्शन प्लेट आणि साधी स्टील प्लेट आलटून पालटून असतात. पाच फ्रिक्शन प्लेटा म्हणजे दहा बाजू. सहावी बसवता आली तर बारा, म्हणजे २० टक्के वाढ. पण सहावीला जागा करायला स्टील प्लेटा पातळ घेतल्या की त्या उष्णता कमी साठवतात आणि लवकर निळ्या पडतात. रेग्युलेटरच्या स्प्रिंगला शिम (पातळ चकती) देऊन दाब वाढवण्याचा मार्गही आहे. आमच्या मते तो १० टक्क्यांच्या पुढे नेऊ नये. जास्त दाबाने गिअर धक्क्याने पडतात, रिंगा तुटतात, पंपावर भार येतो. आणि गळती तशीच ठेवून दाब वाढवणं तर सरळ चूक आहे. हे सगळं करूनही स्लिप राहिलं तर इंजिनचा पंप थोडा खाली आणा. टँकरला तेवढ्या ताकदीची गरज नसते.

प्रश्न : बॉक्स बसवताना रिंगा आणि थ्रस्ट वॉशर जागेवर धरायला व्हील बेअरिंगचं ग्रीस लावतो. चालेल ना? गॅप किती ठेवायचा? — मेकॅनिक, ट्रान्सपोर्ट नगर

उत्तर : ग्रीस नको. ते तेलात विरघळत नाही, गोळ्या होऊन फिल्टरमध्ये आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या (क्लचना तेल वाटून देणाऱ्या भागाच्या) बारीक भोकांत अडकतं. साधी पेट्रोलियम जेली घ्या, गरम तेलात ती विरून जाते.

नव्या फ्रिक्शन प्लेटा निदान अर्धा तास ट्रान्समिशन तेलात बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच लोडला काळ्या होतात. निळी पडलेली किंवा काचेवर ठेवल्यावर डुलणारी स्टील प्लेट परत टाकू नका. क्लचचा गॅप, म्हणजे प्लेटांमधली मोकळी जागा, मॅन्युअलप्रमाणे ठेवा. मॅन्युअल हाताशी नसेल तर दर फ्रिक्शन प्लेटला पाव मिलिमीटर हा कामचलाऊ हिशोब, म्हणजे पाच प्लेटांना साधारण सव्वा मिलिमीटर. गॅप कमी पडला तर सुटलेला क्लचही घासत राहतो. जास्त झाला तर गिअर उशिरा पडतो. फिलर गेज दोन-तीन जागी घाला, एका जागेवर विसंबू नका.

बंद करण्याआधी प्रत्येक क्लचच्या तेलाच्या भोकातून ३० ते ४० पीएसआय कोरडी हवा द्या. पिस्टन ‘धप’ आवाज करून बसला पाहिजे आणि हवा काढताच मागे आला पाहिजे. रिंगांमधून बारीक फुसफुस होतेच. सलग फुस्स आवाज आला तर मात्र पुन्हा खोला. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती टाळणाऱ्यांचेच बॉक्स परत येतात.

व्हॉल्व्ह बॉडी पुसायला सुती चिंधी नको, तिचे धागे राहतात. धुऊन हवा मारा. प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने भोकात सरकला पाहिजे.

प्रश्न : बॉक्स जळाल्यावर कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देणारा भाग) डिझेलने धुऊन परत लावला तर? — कामठीचे वाचक

उत्तर : नको. फिरताना जळालेल्या प्लेटांचा चुरा कन्व्हर्टरच्या बाहेरच्या कडेला फेकला जाऊन घट्ट बसतो, धुऊन निघत नाही. कन्व्हर्टर बोल्टचा असेल तर खोला, स्टेटरचा (आतल्या तेलाची दिशा वळवणाऱ्या चाकाचा) एकाच बाजूने फिरणारा क्लच आणि थ्रस्ट बेअरिंग तपासा, नव्या ओ-रिंग टाकून बंद करा. वेल्डचा असेल तर कापून, साफ करून, बॅलन्स करणाऱ्याकडेच द्या. तेलाचा कूलरही तसाच फसवा असतो. धातूचा चुरा आला असेल तर कूलर नवाच घ्या. बॉक्स इंजिनला जोडताना तोंड मिळत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसलेला नसतो आणि पंपाचा गिअर तिथेच फुटतो.

प्रश्न : ओव्हरहॉलनंतर स्टॉल टेस्टला (गिअर टाकून, ब्रेक दाबून पूर्ण रेस देतात तेव्हा) आरपीएम आधीपेक्षा जास्त आला. बॉक्स स्लिप आहे का? इंजिनचा पंपही वाढवला आहे. — हिंगणा

उत्तर : तेवढ्यावरून म्हणता येत नाही. टॉर्क वाढला की स्टॉलचा आरपीएमही चढतो, साधारण टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. टॉर्क २० टक्के वाढला तर १९०० चा स्टॉल २०८० च्या आसपास जाईल. त्याहून बराच वर गेला तर स्लिप समजा. टेस्ट शक्यतो दहा सेकंदांत आटपा, मग न्यूट्रलला ठेवून तेल थंड होऊ द्या.

प्रश्न : मे महिन्यात बॉक्सचं तेल किती तापलेलं चालतं? — वाडी

उत्तर : चेंबरमध्ये (बॉक्सखालच्या तेलाच्या टाकीत) १२१ अंश आणि कन्व्हर्टरमधून बाहेर पडताना १४९ अंश ही वरची हद्द. ८० अंशांच्या वर दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य अर्ध्यावर येतं, असा ढोबळ नियम आहे. नागपुरात पारा ४५ वर असताना रेडिएटरमधला कूलर एकटा पुरत नाही. त्याच्यानंतर हवेचा वेगळा कूलर जोडा. तो रेडिएटरच्या तोंडावर न लावता बाजूला, स्वतःच्या पंख्यासह लावा, नाहीतर रेडिएटरला गरम हवा मिळून इंजिन तापेल. कोळशाच्या धुळीत जाळी भरते, म्हणून उलट बाजूने हवा मारत राहा. टेम्परेचर गेज कन्व्हर्टरच्या बाहेरच्या पाइपवर बसवा. चेंबरचा काटा उशिरा सांगतो.

प्रश्न : बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रल करून ओढत नेली तर चालेल का? — बुटीबोरी

उत्तर : नाही. इंजिन बंद असताना बॉक्सचा पंप फिरत नाही, आतले बुश आणि बेअरिंग कोरडे पडतात. बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा जॉइंट शाफ्ट सोडून मगच टोचन लावा.